सोसायटीच्या आवारात पाऊसबाग करायची तर

मुंबईत पाऊसबाग करायची म्हटली की सगळे जुलैचा विचार करतात. खरा विचार एप्रिलचा करायला हवा. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे. इंटरनेटवर दिसणारी परदेशी ‘रेन गार्डन’ बहुतेक वेळा बारा महिने अधूनमधून पाऊस पडणाऱ्या गावांसाठी आखलेली असतात. तसंच काही चेंबूर-बोरिवलीत केलं, तर पहिला पावसाळा देखणा जातो आणि पुढच्या मे महिन्यात त्या जागेवर कुणाची तरी स्कूटर उभी असते.

पाऊसबाग म्हणजे मुद्दाम खोलगट ठेवलेला वाफा. गच्चीचं किंवा आवाराचं पाणी थेट गटारात जाण्याआधी तिथे येतं, थोडा वेळ थांबतं आणि मुरतं. जास्तीचं पाणी ठरवून दिलेल्या वाटेने बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावर चोवीस तासांत तळ मोकळा दिसला पाहिजे. तसा दिसला नाही, तर ते डबकं झालं.

अपेक्षाही आधीच बेताच्या ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी कुठलीही बाग काही करू शकत नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या, आणि २००५ नंतर तासाला ५० मिलिमीटरचं उद्दिष्ट धरून काम सुरू झालं. त्यात मोठी भरती असली, की समुद्रात पाणी सोडणारी तोंडंच दबतात आणि पाणी शहरात तुंबून राहतं. अशा वेळी तासभर पाणी आपल्या आवारात धरून ठेवता आलं तरी उपयोग असतो. दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता चौकाचं पाणी धरायला पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्यामागेही हाच विचार आहे. आपला वाफा त्यामानाने अगदी चिमुकला.

एक पावसाळा नुसतं बघा

घाई असेल तर निदान जुलैचे दोन-तीन मोठे पाऊस बघा. छत्री घेऊन खाली उतरायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचे. गच्चीचे कोणते पाइप जोरात वाहतात, पाणी कुठून येऊन कुठे साचतं, कोणत्या चेंबरच्या झाकणातून उलटं वर येतं, हे सगळं टिपा. नंतर सभेत हेच फोटो कामाला येतात.

दुसरी तपासणी मात्र कोरड्या दिवसांत करायची, आणि ती बहुतेक लोक विसरतात. जो पाइप बागेला जोडायचा विचार आहे, तो मार्चमध्ये सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बघा. पाऊस नसताना त्यातून पाणी येतंय का? फेस दिसतोय का? मुंबईत बाल्कन्या आत घेताना अनेकांनी वॉशिंग मशीनचा नाहीतर सिंकचा पाइप सरळ पावसाळी पाइपात सोडलेला असतो. असा पाइप बागेला जोडलात, तर रोज साबणाचं पाणी, वास आणि बारमाही ओल पदरात पडेल. तो पाइप सोडा, दुसरा धरा. कुणाच्या घरचं पाणी आहे ते शोधायचं काम कमिटीचं. पाऊसबागेच्या नावाने ते भांडण ओढवून घेऊ नका.

जागा

इमारतीच्या भिंतीपासून आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून किमान दहा फूट लांब. सांडपाण्याच्या चेंबरपासून, गॅसच्या पाइपपासून आणि विजेच्या केबलपासूनही दूर. केबल कुठून गेली आहे हे वॉचमनला नाहीतर सोसायटीच्या जुन्या इलेक्ट्रिशियनला हमखास ठाऊक असतं, त्याला सोबत घेऊन जमिनीवर चुन्याने रेघा मारून घ्या. अग्निशमन दलाची गाडी जिथून फिरते, त्या वाटेला हात लावू नका. जुन्या झाडाच्या विस्ताराखाली खणू नका, मुळं तुटतात. आणि झाड तोडून किंवा छाटून जागा करायची असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खरं तर पाऊसबागेसाठी झाड तोडायची वेळ आली, तर जागाच चुकली म्हणायची.

फुटपाथ किंवा पालिकेचं उद्यान असेल, तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे अर्ज केल्याशिवाय कुदळ लावू नका.

जमीन कशी आहे, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. मुलुंड-भांडुपच्या डोंगराकडच्या बाजूला मुरूम लागतो, त्यात पाणी बऱ्यापैकी मुरतं. चारकोप, गोराई, वडाळ्याकडे भरणीची जमीन, खाली खाडीचा चिखल आणि खारं पाणी. तिथे उन्हाळ्यातही दोन-तीन फुटांवर पाणी झिरपताना दिसलं, तर खोल वाफ्याचा नाद सोडून द्या.

खड्ड्याची परीक्षा

एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या. पुन्हा भरा, पुन्हा मुरू द्या. तिसऱ्यांदा भरल्यावर शाळेची फूटपट्टी उभी धरून दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरलं ते लिहा. पहिली दोन भरणी हिशेबात धरायची नाहीत, कारण मे महिन्यात तापलेली माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते आणि आपल्याला वाटतं, वा, काय जमीन आहे! जुलैत ती तशी पिणार नाही.

तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं, तर उत्तम. अर्धा ते एक इंच असेल, तर माती बदलून काम भागतं. त्याहून कमी असेल, तर तळाशी निचऱ्याचा पाइप टाकावाच लागेल.

सभेत काय होईल

हौशी माणसं आधी खणतात आणि मग परवानगी मागतात. उलट करा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तेव्हा पावसाच्या आठवणी ताज्या असतात, त्यामुळे विषय त्याच सभेत ठेवा.

पहिला आक्षेप डासांचा येणार, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी येऊन कुंडीखालच्या बशा तपासतात, नोटिसा देतात, तेव्हा लोकांना भीती वाटणारच. उत्तर सरळ द्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. आपण चोवीस तासांत निचरा होईल असाच वाफा करणार आहोत, आणि पाणी थांबलंच तर तळाच्या पाइपाचं झाकण उघडणार आहोत. ते झाकण कोण उघडणार, हेही ठरावात लिहा.

दुसरा आक्षेप पार्किंगचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाची पार्किंगची जागा जात असेल, तर तो गृहस्थ बागेचा जन्मभराचा शत्रू होतो, म्हणून जागाच अशी निवडा की एकही गाडी हलवावी लागणार नाही.

ठरावात आणखी एक ओळ हवी: मार्च ते मे या काळात पाणी कोण घालणार. दर महिन्याला दोन घरं, नावानिशी. ‘सर्व सभासद मिळून काळजी घेतील’ असं लिहिलं, तर कुणीच घेत नाही.

आकाराचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा एका पाइपाला गच्चीचा ५०० चौरस फूट भाग जोडलेला आहे, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या पाइपातून साधारण २,३०० लिटर पाणी येईल. तुमचा वाफा आठ बाय दहा फुटांचा आणि सहा इंच खोल असेल, तर त्यात जेमतेम १,१०० लिटर मावतं, कडा उतरत्या असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच. तासाला इंचभर मुरलं तर आणखी पावणेदोनशे-दोनशे लिटर. उरलेलं हजारेक लिटर बाहेर जाणार.

हे बघून खट्टू होऊ नका. यातून शिकायचं ते एवढंच की बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट आत येणाऱ्या वाटेइतकीच नीट बांधायची. आणि सुरुवात एकाच पाइपाने करायची, गच्चीचे सगळे पाइप एकदम जोडायचे नाहीत.

खणणं

एप्रिल-मे हा खणायचा काळ. कुदळ, पहार, फावडी, घमेली आणि लेव्हल बघायला पारदर्शक नळी, एवढं सामान पुरतं. पहारीला जोडीला दोन माणसं लागतात, कारण मुंबईच्या सोसायटीत फूटभर माती काढली की खाली डेब्रिज निघतं: लाद्यांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, वायरी, कधी तर अख्खं वॉशबेसिन. बिल्डर जाताना ठेवून गेलेला हा ठेवा सगळा बाहेर काढावा लागतो. तो उचलून नेण्याचा खर्च आधीच धरा, मजुरीइतकाच तो जड जातो.

एकूण दीड ते दोन फूट खणा. त्यातलं सहा इंच शेवटी रिकामं राहील, बाकी नव्या मिश्रणाने भरायचं. तळ सपाट हवा. डोळ्यांवर विसंबू नका, नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांना लेव्हल बघा. एक कोपरा दोन इंचांनी खाली राहिला, तरी डासांना तेवढा पुरतो.

निचऱ्याचा पाइप टाकायचा असेल, तर आत्ताच. चार इंची पीव्हीसी पाइपाला भोकं पाडा, भोवती सहा इंच धुतलेली खडी घाला, आणि दुसरं टोक पावसाळी चेंबरमध्ये काढून त्याला उघडता येईल असं झाकण बसवा. चेंबरचा तळ पाइपापेक्षा खाली आहे ना, हे आधी मोजा. आणि चेंबर पावसाळीच हवा, सांडपाण्याचा नको. एरवी झाकण बंद, म्हणजे पाणी मुरेल. अडलं तर उघडायचं.

गच्चीच्या पाइपापासून वाफ्यापर्यंतच्या नालीला दर आठ फुटांना एक इंच उतार द्या आणि वर जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी आजींचा पाय त्यात जाईल. सातव्या मजल्यावरून उतरणारं पाणी नळकांड्यातून सुटल्यासारखं येतं आणि मोकळी माती क्षणात उकरून टाकतं. म्हणून ते जिथे वाफ्यात शिरतं, तिथे दीड फुटी चौकोनी गाळखड्डा करा आणि पुढे हाताएवढे काळे दगड दाटीने बसवा. गाळखड्ड्याच्या बाजूंना विटा चालतील, पण तळ सिमेंटचा करू नका. मिस्त्री हौसेने प्लॅस्टर करतो आणि मग त्या खड्ड्यातच पाणी साचून राहतं.

खणलेल्या चांगल्या मातीचा बांध उतरत्या बाजूला घाला, धुमसाने ठोका, वर हरळी लावा. पाण्याच्या येण्याच्या समोरच्या बाजूला बांधाला दोन इंच खोल आणि फूट-दीड फूट रुंद खाच ठेवा, तिच्यात दगड बसवा. जास्तीचं पाणी इथून पावसाळी नालीत जाईल. ही खाच इमारतीच्या जोत्याहून आणि पार्किंगच्या तोंडाहून खालच्या पातळीवर असली पाहिजे.

मिश्रण

नर्सरीवाला नुसती लाल माती देईल. ती दोन पावसांत दबून घट्ट होते. अर्धी जाड क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), पाव भाग लाल माती, पाव भाग चांगलं मुरलेलं कंपोस्ट. क्रश सँड धुतलेली मागा, कारण तिच्यातली पावडर सगळी छिद्रं बुजवते. सोसायटीचं स्वतःचं ओल्या कचऱ्याचं खत असेल तर तेच घ्या, फक्त ते पूर्ण कुजलेलं हवं. अर्धवट खतावर पाणी पडलं की त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, आणि सभेत पुन्हा विषय निघतो.

मिश्रण जमलं का, ते ओली मूठ वळून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोट लावताच फुटायला हवा. भरताना त्यावर उभं राहू नका, फळी टाकून फळीवर उभं राहा. भरून झालं की पाइपने भिजवून आठवडाभर बसू द्या, खचेल तिथे भर घाला.

झाडं

चार महिने पाण्यात पाय आणि आठ महिने कोरड, दोन्ही सोसणारीच झाडं हवीत. म्हणून वेखंड आणि ब्राह्मी कितीही आवडली, तरी मी तळात लावत नाही. एप्रिलमध्ये ती रोज पाणी मागतात.

तळासाठी माझी पहिली पसंती वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात, मातीला वाटा पाडतात, आणि उन्हाळ्यात पाती पिवळी पडली तरी ठोंब जिवंत राहतो. दुसरं सुदर्शन. कंद जाड, पाणी धरून ठेवणारा. एक लक्षात ठेवा, हा कंद खाण्याचा नाही, विषारी आहे. पावसाळ्यात सुदर्शनावर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या येतात. आधी पानाच्या पोटात शिरून मधला गर खातात, त्यामुळे पानावर कागदासारखे पांढरट पट्टे दिसतात, आणि मग एका रात्रीत पान बुडख्यापर्यंत फस्त. हे पट्टे दिसले की पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. फवारणी करू नका, इथलं पाणी पुढे नाल्यातून समुद्रात जातं. सगळी पानं गेली तरी कंद पुन्हा फुटतो.

कर्दळ चालते, जरा जास्तच पसरते. अळूही चांगला, हिवाळ्यानंतर पानं वाळतात आणि पहिल्या पावसात परत येतात. पण ऋषिपंचमीच्या आदल्या संध्याकाळी अर्धी पानं गायब होतील, याची तयारी ठेवा. गच्चीच्या पाण्यात कबुतरांची विष्ठा असते, त्यामुळे ‘ही पानं खाण्यासाठी नाहीत’ अशी पाटी आधीच लावलेली बरी.

उतारावर तेरडा, रेन लिली, गवती चहा. तेरडा आपणच बी टाकून दरवर्षी उगवतो, आणि गौरीच्या दिवशी मागायला येणाऱ्यांना तो द्यायला मिळतो, हे मला या बागेचं सगळ्यात चांगलं फळ वाटतं. जागा असेल तर एखादी निर्गुंडी, वर्षातून दोनदा छाटायची. बांधावर अडुळसा, तगर, जास्वंद.

कार्पेट लॉन घेऊ नका. पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी नर्सरीवाला जवळजवळ फुकट देतो, तीही नको आणि घाणेरीही नको; दोन वर्षांत दुसरं काही उरत नाही.

ऐंशी चौरस फुटांना चाळीस-पन्नास रोपं पुरतात. बरीचशी विकत घ्यावी लागत नाहीत. सुदर्शनाची पिल्लं, कर्दळीचे कंद, वाळ्याचे ठोंब कुणाच्या ना कुणाच्या कुंडीत जास्त झालेले असतातच.

लागवड पहिल्या सरींनंतर करा. मुंबईत मान्सून येण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. आणि लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गच्चीचं पाणी वाफ्यात सोडू नका. नालीच्या तोंडाशी वाळूची गोणी ठेवून पाणी जुन्या वाटेनेच जाऊ द्या. रोपांनी मूळ धरलं की गोणी काढा. ही एक गोणी नसली, की जूनच्या शेवटच्या आठवड्यात निम्मी रोपं गेटपाशी वाहून आलेली दिसतात.

पुढची निगा

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाळखड्डा उपसा, खाचेतला पाला आणि वेफर्सची पाकिटं काढा. पायात गमबूट, हातात मोजे हवेत. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, उंदरांमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पाऊस थांबून एक दिवस झाला तरी पाणी दिसलं, तर तळाचं झाकण उघडा. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर वाट बघायचीच नाही. सलग आठ दिवस पाऊस असला तर पाणी बदलत राहतं, तरी कडेची डबकी बघून घ्या.

या दिवसांत वाळलेला पाला मातीवर पसरू नका, तो तरंगत जाऊन खाच बुजवतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की मात्र तोच पाला तीन इंच जाड अंथरा, ओल टिकते. नारळपाणीवाल्याकडून शहाळी आणून टाकण्याची कल्पना कुणीतरी मांडेल. सोललेला काथ्या चालेल, अख्खी शहाळी नाही, त्यांच्या वाट्यांत पाणी साचतं. याच वेळी वर्षाचं एकुलतं एक खत घाला: दोन-तीन घमेली कंपोस्ट. रासायनिक खत अजिबात नको.

तण काढताना टाकळा-कुर्डू थोडे राहिले तरी बिघडत नाही, पण गाजर गवत फुलायच्या आत उपटा. कबुतरं-कावळ्यांच्या कृपेने पिंपळही उगवतो. तो उपटायला कुणी हात लावत नाही, म्हणून चार पानांचा असतानाच अलगद काढून कुंडीत लावा आणि मोकळ्या मैदानाकडे पाठवा.

पहिला उन्हाळा सगळ्यात अवघड. मार्चपासून आठवड्याला दोनदा, संध्याकाळी, मुळाशी पाणी. एसीचं पाणी बादलीत धरून घातलंत तर उत्तम, आरओतून फेकलेलं खारट पाणी नको. दुसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांतून एकदा पुरतं. पानं सुकली, करडी झाली, तर ‘बाग मेली’ म्हणून कुणीतरी सगळं उपटायला निघेल. माळ्याला आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा की ठोंब आणि कंद खाली जिवंत आहेत.

मे संपायच्या आत पाला उचला, गाळखड्डा रिकामा करा, बांध खचला असेल तिथे ठोका आणि निचऱ्याच्या पाइपात बादलीभर पाणी ओतून ते चेंबरमध्ये पोहोचतंय का बघा. झाकण अडकलं असेल तर तेव्हाच सोडवा, आणि ते कसं फिरवायचं हे रात्रपाळीच्या वॉचमनलाही एकदा करून दाखवा.